चौदा दिवसांची गोळी

ओहोटी लागली की रायगडच्या किनाऱ्यावरचे काळे खडप उघडे पडतात आणि टोपल्या घेऊन बायका कालवं काढायला उतरतात. पोटरीभर पाण्यात वाकून उभं राहायचं, खडकाला चिकटलेली शिंप फोडायची, आतला मऊ गर भांड्यात टाकायचा आणि पाणी चढायच्या आत किनारा गाठायचा. कवचाच्या धारेने बोटं कापतात, खाऱ्या पाण्याने ती चुरचुरतात. दुसऱ्या दिवशी ही कालवं बाजारात वाट्यावर विकली जातात, थोडी घरच्या कालवणात पडतात. माणूस जे जे खातो त्यात झिंकचा सर्वांत मोठा साठा याच कालवांत असतो.

झिंक म्हणजे आपलं जस्त. कोकणात जस्त म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते पडवीवरचे पत्रे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही म्हणून त्याला जस्ताचा मुलामा द्यावा लागतो. माणसाच्या आतड्यालाही असाच काहीसा आधार हे जस्त देतं, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला मात्र फार उशिरा कळली. कळल्यावर त्यातून एक औषध तयार झालं. वीस मिलिग्रॅमची, चमचाभर पाण्यात विरघळणारी, काही रुपयांत मिळणारी गोळी. जुलाब लागलेल्या मुलाला ती रोज एक, अशी चौदा दिवस द्यायची.

आता त्याच किनाऱ्यावरच्या एखाद्या घरात, पावसाळ्यात, दीड-दोन वर्षांच्या पोराला ढाळ लागतात तेव्हा काय होतं ते पाहावं. पहिल्या दिवशी आजी जायफळ उगाळते, तांदळाची पेज देते. दुसऱ्या दिवशी पोर मलूल होतं आणि आई त्याला कडेवर घेऊन बाजारपेठेतल्या खासगी दवाखान्यात जाते. चिठ्ठी मिळते. तिच्यावर बहुतेक वेळा एक अँटिबायोटिक असतं, उलटीचं औषध असतं, ‘जंतूंची पावडर’ असते, कधी शक्तीचं सिरप असतं. ओआरएसची पुडी असली तर असते. झिंक पुष्कळदा नसतं.

ते का नसतं, हाच या लेखाचा विषय आहे.

०००

झिंकची गोष्ट सुरू होते इराणमध्ये, पण ती उलगडणारा डॉक्टर आपल्याकडचा होता. आनंद प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. पाटण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेला गेले आणि १९५८ मध्ये इराणच्या शिराझ शहरात शिकवायला पोचले. तिथे त्यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय २१ वर्षं, पण दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा. वयात आल्याची एकही खूण अंगावर नाही, रक्त अगदी कमी, यकृत आणि पानथरी वाढलेली. खाण्यात जवळजवळ नुसती गव्हाची रोटी, मांस-मासळी नाही, आणि त्या जोडीला रोज माती खाण्याची सवय.

रक्तक्षयाचं कारण लोहाची कमतरता हे कुणीही सांगितलं असतं. पण नुसतं लोह कमी पडल्याने माणसाची वाढ अशी खुंटत नाही, हे प्रसादांना खटकलं. अख्ख्या धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं. ते लोहाला धरून ठेवतं, तसंच जस्तालाही, आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. तेव्हा या माणसाला जस्त मिळत नसावं, असा तर्क त्यांनी मांडला. पुढे इजिप्तमध्ये अशाच रुग्णांवर काम करून त्यांनी तो सिद्ध केला. तोवर माणसाला जस्ताची उणीव पडूच शकत नाही, अशी पुस्तकांतली समजूत होती. ती बदलायला बारा-पंधरा वर्षं लागली. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने १९७४ मध्ये जस्ताला माणसाच्या आहारातला आवश्यक घटक म्हणून मान्यता दिली. प्रसाद २०२२ मध्ये वारले.

माती खाणारं पोर कोकणातल्या आजीला नवं नाही. भिंतीचे पोपडे चाटणारी, अंगणातली माती तोंडात घालणारी मुलं दिसली की घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘त्याच्या अंगात काहीतरी कमी पडतंय’. त्या ‘काहीतरी’ला शास्त्रात लोह आणि जस्त अशी नावं आहेत.

शरीर जस्त साठवून ठेवत नाही. ते रोज खाण्यातून यावं लागतं. जुलाब लागले की पाण्याबरोबर तेही वाहून जातं आणि आधीच कमी असलेल्या मुलात आणखी कमी होतं. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर थोड्या दिवसांनी नव्या होत असतात, आणि त्यासाठी जस्त लागतं. ते नसलं तर अस्तर नीट भरून येत नाही, अन्न पचत नाही, जंतूंशी लढणाऱ्या पेशीही दुबळ्या पडतात. म्हणून मूल पुन्हा आजारी पडतं, पुन्हा जस्त गमावतं. एकदा जुलाब झालेलं पोर महिन्याभरात परत दवाखान्यात येतं, त्यामागे पुष्कळदा हेच चक्र असतं.

०००

जुलाबावर जस्त देऊन पाहण्याचा महत्त्वाचा प्रयोग भारतातच झाला. दिल्लीच्या एम्सने कालकाजी भागातल्या वस्तीत सहा ते पस्तीस महिन्यांची ९३७ मुलं निवडली. जुलाब लागलेल्या निम्म्या मुलांना रोज जस्त दिलं, निम्म्यांना नाही. ओआरएस सगळ्यांनाच होतं. सुनील सझावल, रॉबर्ट ब्लॅक, महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी यांचा हा अभ्यास १९९५ च्या सप्टेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. जस्त मिळालेल्या मुलांत जुलाब लांबण्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी होता. दिवसाला होणाऱ्या पाण्यासारख्या शौचांची सरासरी ३९ टक्क्यांनी कमी होती.

डॉ. भान यांचं नाव महाराष्ट्रालाही जवळचं आहे. रोटाव्हायरसविरुद्धची ‘रोटावॅक’ ही भारतीय लस ज्या विषाणूपासून तयार झाली तो एम्समध्येच सापडला होता, आणि त्या कामामागे भान होते. त्या लसीची अंतिम चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातल्या वढू इथे झाली. वढूत ते काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने केलं. हजारो बाळांच्या आईबापांनी त्यात विश्वासाने भाग घेतला. रोटाव्हायरसची लस २०१९ पासून महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात आली आणि आज रायगडच्या उपकेंद्रांवर बाळांना तिचे थेंब मिळतात. लस पोचली. त्याच माणसाच्या हातून आलेली गोळी मात्र चिठ्ठीवर पोचायला धडपडते आहे.

कालकाजीनंतर बांगलादेश. मतलब या ग्रामीण भागातला मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत जुलाबाबरोबर जस्त दिलं गेलं तिथे आजार २४ टक्क्यांनी लवकर आटोपला, पुढच्या काळात जुलाब होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं आणि अपघात वगळता इतर कारणांनी होणारे बालमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आणखी एक गोष्ट दिसली. आईच्या हातात ‘औषध’ म्हणून गोळी असली की ती अँटिबायोटिकच्या मागे कमी लागते.

हा सारा पुरावा हाती आल्यावर २००४ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी एकत्र निवेदन काढलं. जुलाब लागलेल्या प्रत्येक मुलाला कमी क्षारतेचं नवं ओआरएस आणि त्याबरोबर दहा ते चौदा दिवस झिंक द्या, सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्यांना १०, असं त्यात म्हटलं होतं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि केंद्र सरकार यांनीही पुढच्या दोन-तीन वर्षांत हेच धोरण स्वीकारलं आणि आपल्याकडे मुदत ठरली चौदा दिवसांची.

०००

धोरण झालं, औषध झालं, पुरावा तर होताच. पुढे काय झालं ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांत दिसतं. २००५-०६ च्या पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी झिंक मिळालेल्यांचं प्रमाण होतं ०.३ टक्के. ते स्वाभाविक होतं, कारण शिफारस नुकतीच झाली होती. २०१५-१६ मध्ये ते २०.३ टक्के झालं आणि २०१९-२१ मध्ये ३०.५ टक्के. ओआरएसचं प्रमाण यांतल्या शेवटच्या दोन पाहण्यांत ५०.६ वरून ६०.६ वर गेलं.

प्रगती आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण शिफारशीला पंधरा वर्षं झाल्यावरही देशातल्या दहापैकी सात मुलांना झिंक मिळत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुलं दरवर्षी अतिसाराने दगावतात. काही रुपयांच्या गोळ्या आणि पुड्या वेळेवर मिळाल्या तर यातली मोठी संख्या वाचू शकते. म्हणून हे तीस टक्के टोचतात.

मग दोष कुणाचा? डॉक्टरांना ठाऊकच नाही, असं उत्तर पटकन सुचतं. त्यात थोडं तथ्य आहे. २००४ च्या आधी शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या पुस्तकांत जुलाबाच्या उपचारात झिंक नव्हतं. लहान गावांतले कितीतरी दवाखाने आयुर्वेद, होमिओपॅथी शिकलेले डॉक्टर चालवतात. त्यांच्यापर्यंत बालरोग संघटनेची मार्गदर्शक सूत्रं पोचतात, पण सरळ नव्हे. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने बॅगेतून काय काढलं त्यावर ते अवलंबून असतं. चौदा स्वस्त गोळ्या विकण्यासाठी कुणी प्रतिनिधी पावसात पोयनाड ते मुरुड फेऱ्या मारत नाही. शिवाय बाजारात झिंक अनेक ‘टॉनिक’च्या बाटल्यांत जीवनसत्त्वांबरोबर मिसळलेलं येतं. त्यामुळे ‘झिंक म्हणजे शक्तीचं औषध, दिलं तर बरं, नाही दिलं तरी चालेल’, अशी समजूत डॉक्टरांतही मुरली आहे. टॉनिकमधली मात्रा जुलाबाच्या उपचारासाठी पुरेशी असतेच असं नाही.

पण नुसतं अज्ञान हे पूर्ण उत्तर नव्हे. बिहारमधल्या गावांत उपचार करणाऱ्या ३४० जणांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बहुतेकांकडे वैद्यकीय पदवी नव्हती. आधी त्यांना कागदावर रुग्णाची हकिगत सांगून ‘तुम्ही काय द्याल?’ असं विचारलं. नंतर त्यांच्याकडे रुग्णाचा नातेवाईक म्हणून तयार केलेली माणसं पाठवली. कागदावर बरोबर उपचार सांगणारे होते अवघे ३.५ टक्के. प्रत्यक्षात बरोबर उपचार एकानेही दिला नाही. सुमारे ७२ टक्के जणांनी ओआरएस न देता अपाय करू शकतील अशी औषधं दिली. जे माहीत आहे तेही हातून होत नाही, ही यातली गंभीर बाब.

बांगलादेशातल्या आयांचा अनुभवही असाच. तिथे २००६ च्या अखेरीस झिंकची गोळी मोठ्या प्रचारानिशी बाजारात आली. दोन वर्षांच्या आत शहरांतल्या चांगल्या वस्त्यांमध्ये सुमारे नव्वद टक्के आयांना ती ठाऊक झाली, खेड्यांत निम्म्यांना. वापर मात्र शहरांत चौथा हिस्सा आणि खेड्यांत दहावा. माहिती घरोघर पोचली तरी गोळी मुलाच्या तोंडापर्यंत जात नव्हती.

०००

मग अडतं कुठे? याचं उत्तर आपल्या शेजारच्या कर्नाटकात सापडलं. कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ मध्यम आकाराच्या गावांत २,२८२ खासगी डॉक्टर आणि उपचार करणाऱ्यांकडे एक ‘बाप’ पाठवण्यात आला. घरी दोन वर्षांचं मूल आहे, त्याला जुलाब होताहेत, एवढंच तो सांगे. काही ठिकाणी तो बोलता बोलता म्हणे की आधी ओआरएस दिलं होतं, तेच हवं आहे. काही ठिकाणी अँटिबायोटिकचं नाव काढी, काही ठिकाणी काहीच म्हणत नसे. काही दुकानांत मुद्दाम ओआरएसचा साठा भरून ठेवला होता. काही ठिकाणी बाप आधीच सांगे की औषध मी दुसरीकडून घेणार आहे, म्हणजे डॉक्टरला त्यात नफा-तोटा नाही.

हा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. दुकानात पुडी नसणं आणि महागडं औषध विकण्याचा मोह, ही दोन कारणं फार छोटी निघाली, अनुक्रमे सहा आणि पाच टक्के. सर्वांत मोठं कारण, सुमारे ४२ टक्के, वेगळंच होतं. ‘लोकांना ओआरएस नको असतं,’ असं डॉक्टरांना वाटत होतं. बापाने ‘ओआरएस हवं’ म्हटल्याबरोबर ते लिहिणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ५५ टक्क्यांवर गेलं, म्हणजे जवळजवळ दुप्पट झालं.

अभ्यास ओआरएसचा आहे, झिंकचा नव्हे. पण कोकणातल्या दवाखान्याच्या बाकावर तासभर बसलेल्या कुणालाही त्यातली वीण ओळखू येईल. आई आत जाते आणि म्हणते, ‘डॉक्टर, लवकर थांबवा, सुई द्या, बाटली लावा.’ तिला मजुरीवर परत जायचं असतं, किंवा रात्रभर जागरण झालेलं असतं, किंवा मागच्या वर्षी शेजारच्या पोराचं काय झालं ते तिने पाहिलेलं असतं. डॉक्टर ती घाई ऐकतात आणि ठरवतात की साधी पुडी आणि चवीला तुरट गोळी लिहिली तर ही बाई उद्या समोरच्या दवाखान्यात जाईल. आई मनात म्हणते, डॉक्टरांनी लिहिलं असतं तर मी दिलं असतं. दोघंही एकमेकांच्या मनातलं चुकीचं वाचतात आणि मधल्या मध्ये पोर गोळीला मुकतं.

०००

डॉक्टरांच्या काही शंका रास्त आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिली शंका, झिंकने एवढा काय फरक पडतो? जगभरातल्या चाचण्या एकत्र करून केलेल्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात सहा महिन्यांवरच्या मुलांत आजार सरासरी अर्ध्या दिवसाने कमी झालेला दिसतो, कुपोषित मुलांत सुमारे एका दिवसाने. सहा महिन्यांखालच्या बाळांत तसा फायदा दिसला नाही. शहरातल्या गुटगुटीत मुलाचा अर्धा दिवस वाचला तर काय, असं एखाद्या डॉक्टरला वाटणं समजू शकतं. पण वीटभट्टीवरच्या झोपडीतलं मूल आधीच हडकलेलं असतं. त्याचा एक दिवस कमी होणं म्हणजे पाणी आणखी आटण्याचा एक दिवस टळणं. आणि चौदा दिवस गोळी घेतलेल्या मुलात पुढचे दोन-तीन महिने जुलाबाचा धोका कमी राहतो. पावसाळा चार महिन्यांचा असतो, हे इथे लक्षात घ्यावं.

दुसरी शंका, गोळीने पोरं ओकतात. हे खरं आहे. दिल्ली आणि दार-ए-सलाम इथल्या साडेचार हजार मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. २० मिलिग्रॅम घेतलेल्या १९.३ टक्के मुलांना अर्ध्या तासात उलटी झाली, १० मिलिग्रॅमवाल्यांत १५.६ आणि ५ मिलिग्रॅमवाल्यांत १३.७ टक्क्यांना. आणि कमी मात्राही जुलाबावर तितक्याच उपयोगी ठरल्या. म्हणजे मात्रेची चर्चा अजून चालू राहील आणि ती चालू राहायलाच हवी. पण तिच्यातून निघणारा अर्थ ‘झिंक कमी मात्रेत द्या’ असा आहे, ‘झिंक देऊ नका’ असा नाही.

तिसरी शंका व्यवहाराची आहे. जुलाब तीन दिवसांत थांबले की आई गोळी थांबवते, मग चौदा लिहून उपयोग काय? याचं उत्तर आईला नीट समजावून सांगण्यात आहे, आणि त्याचा परिणाम हरियाणात दिसला. तिथे प्रत्येकी सुमारे तीस हजार लोकवस्तीच्या सहा प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागांत एक प्रयोग झाला. त्यांतल्या काही भागांत सरकारी आणि खासगी डॉक्टर, अंगणवाडी ताई, सगळ्यांच्या हातात झिंक आणि ओआरएस दिलं, दोन्ही कसं द्यायचं ते आयांना बसवून सांगितलं. सहा महिन्यांनी त्या भागांत जुलाबाच्या जवळजवळ साठ टक्के प्रसंगी ओआरएस वापरलं जात होतं. उरलेल्या भागांत ते दहा टक्क्यांच्या आत होतं. झिंकमुळे ओआरएस मागे पडेल अशी भीती काहींना होती. घडलं उलटच, गोळीने पुडीलाही बरोबर नेलं.

०००

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण इथलं पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात लोक हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पेणच्या खारेपाटात जमिनीखालचं पाणी खारं. हेटवणे धरण त्याच तालुक्यात, तरी खारेपाटातल्या गावांची पिण्याच्या पाण्याची ओरड वर्षानुवर्षं चालूच. साठवून ठेवलेलं पाणी, त्यात बुडणारे हात, पहिल्या पावसाने विहिरीत वाहून येणारा गाळ, या साऱ्यातून पोटाचे विकार सुरू होतात. पावसाळ्यात जिवाणूंचे जुलाब, थंडीत रोटाव्हायरसचे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडमधल्या गावांची वीज आठवडेच्या आठवडे गेली. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे नळाला पाणी नाही. घरांवरचे जस्ताचे पत्रे नारळीच्या बागांत जाऊन पडले होते. अशा दिवसांत तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ताही झाडांखाली गेलेला असतो. तेव्हा उपकेंद्रात आणि आशाताईच्या पिशवीत जे असेल तेच औषध.

आणि कातकरी वाड्या. राज्यातल्या विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी कातकरी एक, आणि त्यांची मोठी वस्ती रायगडात आहे. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. जी आशाताई ज्या वाडीची, त्या वाडीतली पोरं सहा महिने तिच्या यादीत असून तिच्यासमोर नसतात. भट्टीवर त्यांना जुलाब लागले तर जवळचा खासगी दवाखाना हाच आधार असतो. म्हणून खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर झिंक असणं सर्वांत अधिक याच मुलांसाठी गरजेचं आहे.

सरकारी बाजू खासगीपेक्षा बरी आहे, हे सांगायला हवं. २०१४ पासून दर पावसाळ्याच्या सुमारास अतिसार नियंत्रण पंधरवडा होऊ लागला. आशाताई घरोघर ओआरएसची पुडी देतात, आरोग्य केंद्रांत ओआरएस-झिंक कोपरा मांडला जातो, हात धुण्याची पद्धत शाळेत शिकवली जाते. २०२४ मध्ये ही मोहीम १ जुलै ते ३१ ऑगस्ट अशी दोन महिन्यांची झाली. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२१-२२ पासून तिथे डॉक्टर घडताहेत. या नव्या मुलामुलींच्या बोटांना पहिल्या वर्षापासून ‘ओआरएस आणि झिंक’ एका ओळीत लिहायची सवय लागली तर दहा वर्षांत जिल्ह्यातल्या चिठ्ठ्यांचा चेहरा बदलेल.

ओआरएसच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. औषधाच्या दुकानात खोक्यात मिळणारी गोड पेयं वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ या नावाने विकली जात होती. त्यांतली साखर जुलाब वाढवू शकते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं त्याविरुद्ध लढल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ शब्द छापायला बंदी केली. एका डॉक्टरने नेट लावला तर देशाचा नियम बदलतो.

१९७१ च्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच दाखवलं होतं. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईन संपलं तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पटकीचे मृत्यू वीस-तीस टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. त्यांनी उपचार आईच्या हातात दिला. झिंकची गोळीही तिच्याच हातात जायची आहे.

०००

तेव्हा घरात पाच वर्षांखालचं मूल असलेल्या प्रत्येकाने एवढं लक्षात ठेवावं. पुडीवर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ असं छापलेलं ओआरएस आणा. अख्खी पुडी एक लीटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी विरघळवा आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा पेला, मोठ्याला अर्धा ते एक पेला, चमच्याचमच्याने. अंगावरचं दूध आणि पेज चालू ठेवा. शहाळं द्यायला हरकत नाही, पण त्यात मीठ कमी असतं, ते ओआरएसची जागा घेत नाही. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, आईच्या दुधात. जुलाब थांबले तरी चौदा पुऱ्या करा. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, पाणीही न पिणं, सतत उलट्या, हाक मारली तरी न उठणं, यांपैकी काही दिसलं तर घरी थांबू नका, सरळ रुग्णालय गाठा.

आणि दवाखान्यातून बाहेर पडताना चिठ्ठी हातात घेऊन डॉक्टरांना विचारा, ‘साहेब, यात ओआरएस आणि झिंक लिहिलंय ना?’ अलिबागच्या बाजारपेठेत, मुरुडच्या नाक्यावर, दिवेआगरच्या दवाखान्यात, भट्टीजवळच्या पत्र्याच्या खोलीत, सगळीकडे हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. डॉक्टर तो ऐकतात आणि त्याने चिठ्ठी बदलते, हे दोन हजारांवर दवाखान्यांत जाऊन मोजलं गेलं आहे.